ढालीवरचा बॉस

३ जुलै
मुलीकडे शहराच्या कडेला, बेसाला राहायला येऊन महिना झाला. नात ओवी सहावीत. इंग्रजीचा गृहपाठ: एक शब्द, त्याचे अर्थ, तो आला कुठून. म्हटलं, 'बॉस' घे वं. आपला हातखंडा शब्द. ढालीच्या मधोमध गोल फुगीर गोळा असतो, त्याला इंग्रजीत बॉस म्हणतात. तो सगळ्यांच्या पुढे, पहिला वार झेलणारा. म्हणून हापिसातला साहेबही बॉस. बत्तीस वर्षं वाडीच्या शाळेत हेच शिकवलं, फळ्यावर ढाल काढून. ओवीने शाईने उतरवून घेतलं. चहा जरा ऐटीत प्यालो.

४ जुलै
ऐट नडली. ओवीला दाखवायला जाडा कोश काढला, तर त्यात बॉस दोनदा, वेगवेगळे. ढालीवरचा गोळा जुन्या फ्रेंचमधला. मूळ अर्थ सूज, टेंगूळ. पत्रिकेवर अक्षरं उठवतात ते एम्बॉसिंग त्याच्याच घरचं. साहेब बॉस डच, अमेरिकामार्गे आलेला. दोघांची ओळखसुद्धा नाही.
मग मला सांगितलं कोणी? कोणीच नाही. एका पोराने विचारलं होतं, आणि 'माहीत नाही' म्हणायची आम्हा मास्तरांत पद्धत नव्हती. रचून दिलं.
हिला सांगितलं. म्हणे, "मले बी हेच सांगतलं होतं जी तुम्ही, लग्न नवं होतं तवा. माहेरी सगळ्याइले सांगून आली मी."

५ जुलै
ओवीपुढे कबूल केलं.
"म्हणजे तुम्ही खोटं शिकवून राहिले होते?"
"चुकीचं."
"फरक काय आहे, आबाजी?"
कोश तिच्यापुढे सरकवला. तिने नवं पान लिहिलं, कोशातलं.

८ जु.
वही परत आली. खऱ्या उत्तरावर फुली! खाली मॅडमच्या अक्षरात माझीच ढालीची गोष्ट. ओवीने कोशाचं सांगून पाहिलं. मॅडम म्हणाल्या, माझे सर चुकत नव्हते. आणि वर्गात सरांचं नाव सांगितलं. माझं.
ओवीला मॅडमचं नाव विचारलं. वंदना मेश्राम. वाडीची, पहिल्या बाकावरची. तिला काय ठाऊक ओवी माझी नात.
"तू काहून नाही सांगतलं, सर माझे आबाजी म्हणून?"
"तुमची बेइज्जती झाली असती."
शनिवारी वर्गाच्या भिंतीवर तक्ता लागणार म्हणे, ढालीचा, खाली माझं नाव.

११ जु.
गेलो शाळेत. हिने इस्त्रीचा सदरा काढून दिला, म्हणे चूक कबूल करायले जाता तं नीट दिसा.
वंदना वाकून पाया पडली. केस पिकले तिचे. काही बोलायच्या आत वर्गात नेलं, पोरं उभी राहिली. "सर, ढालीचं तुम्हीच सांगा." ओवी खाली बघत होती. सांगून टाकलं सगळं: दोन शब्द, दोन घरं, मधली सोयरीक मी जुळवलेली. पोरं हसली. ओवी नाही हसली, पण वर पाहिलं. वंदनाने तक्ता गुंडाळला, ओवीच्या वहीतली फुली खोडली. छातीवरचं ओझं उतरलं.
मग दारापर्यंत सोडायला आली. हळूच म्हणाली, "सर, मंग बाकीचं?"
"बाकीचं काय?"
कपाटातून वही काढली. माझ्या तासाची, दोनशे पानी, अजून जपलेली. याच्यावरूनच शिकवते म्हणे.

१२ जु.
वही घरी आणली आहे. कोश मांडीवर. ओवी लाल पेन घेऊन बाजूला बसली. पहिल्या पानावर तीन चुका निघाल्या.