बसल्या जागेची नोकरी

५ मार्च १९३४, सोलापूर

पाठ रोज कशी राहते ते लिहून ठेव, असं वैद्यांनी सांगितलं, म्हणून ही वही. आज लिहायला हुरूप आहे. सहा वर्षं बार्शी-सोलापूर रस्त्यावर कापसाच्या गठाणींची लॉरी चालवली. हमाल कमी पडला की ड्रायव्हरनंच पाठ द्यायची, वर थंडीत हँडल मारून मारून कंबर ढिली करून घ्यायची. दिवाळीच्या सुमारास हँडल उलटं फिरलं आणि पाठीत अशी कळ आली की माढ्याला सासुरवाडीत दोन महिने पडून काढले. वाटलं, ज्ञानबा, तुझं ड्रायव्हरपण संपलं.

आता ही मोटार. काळी, बंद टपाची. बटण दाबलं की सुरू होते, हँडलला हात लावायला नको. मालकीण सुंदरम्मा, भुसाराच्या मोठ्या व्यापाऱ्याची विधवा. अक्कलकोट रस्त्याला गावाबाहेर घर. घरात त्या, स्वयंपाकाची म्हातारी निंगव्वा आणि दोन गडी. सगळे त्यांना अव्वा म्हणतात. दुपारी अव्वांना मोटारीतून न्यायचं आणि परत आणायचं, एवढंच काम. बसल्या जागेची नोकरी. मोटारखान्याला लागून खोलीही दिली आहे. महिनाअखेर बायकोला, यशोदाला, आणीन म्हणतो.

६ मार्च

पहिली फेरी झाली. अव्वांनी माझं नावही विचारलं नाही, ‘ड्रायव्हर’ म्हणतात. त्या मागे डाव्या बाजूला बसल्या. मग माझ्या पाठीमागचं उजवं दार उघडायला लावलं, थोडं थांबून परत लावायला सांगितलं. मोठ्या घरची काही रीत असेल. अक्कलकोट रस्त्यानं गेलो. वाटेत ओढ्यावर फरशी आहे, बिनकठड्याचा ठेंगणा पूल, तिथं थांब म्हणाल्या. ना देऊळ, ना मळा. भर उन्हात बाई आत बसून राहिल्या आणि मग परत चल म्हणाल्या.

बैठक मात्र उत्तम. जिथं दुखतं नेमकं तिथंच दोन टणक गोळे टेकतात, कुणी पाठ दाबून दिल्यासारखं वाटतं. उतरलो तेव्हा कळ नव्हती.

९ मार्च

या घरात मी कुणाला नकोसा आहे. जेवणाची थाळी गडी उंबऱ्यावर आदळून जातात, निम्मं कालवण भुईवर सांडतं. तंबाखू विचारायला गेलो, तर एक जण कानडीत काही बोलून माझ्या पायाशी थुंकला. त्यातला ‘ड्रायव्हर’ शब्द तेवढा कळला. निंगव्वा मान वर करत नाही.

अव्वांचं वेगळंच. फरशीवर मोटार उभी असते तेव्हा त्या ओढ्याकडे बघत नाहीत, माझ्या मानेकडे बघतात. आरशात दिसतं. मालक रागावलेले मी पुष्कळ पाहिले. हा राग नाही, राग कधीतरी निवतो.

१२ मार्च

सकाळी पुढची बैठक काढून पाहिली. आत काथ्या आणि स्प्रिंगा. टणक असं काही नाही, गोळे तर नाहीतच.

दुपारी चालवताना ते पाठीत होतेच. आज हलले. आधी डावा, मग उजवा. बसून बसून अवघडलेला माणूस पाय हलवतो तसे. आरशात पाहिलं. मागची उजवी जागा रिकामी होती. पण तिथलं कातडं दबलेलं होतं.

१५ मार्च

खोलीत आता उभं राहवत नाही. भुईवर पडलो तर पाठीत सुऱ्या चालतात. मोटारीत बसलं की सगळं थांबतं. आज भाकरीसुद्धा मोटारीतच खाल्ली. वहीही आता इथंच ठेवतो.

परत आल्यावर अव्वा घरात गेल्या. मी उतरायला दार उघडलं तर मागून कुणी म्हणालं, “कुंद्रु.”

तेवढं कानडी मला येतं. बस, म्हणजे.

पुरुषाचा आवाज होता.

१७ मार्च

अव्वा अंघोळीला गेल्या होत्या, तेव्हा निंगव्वा मोटारखान्यात आली. दारातच उभी राहिली, मोटारीला शिवली नाही. तिनं सांगितलं ते असं. गुरप्पा सावकार म्हणजे अव्वांचे यजमान. ही मोटार त्यांचीच. फरशीवरून ती ओढ्यात घसरली. पुढची बैठक मागं रेटली गेली आणि सावकारांचे गुडघे तिच्यात रुतून चेंदले. ड्रायव्हरला खरचटलंसुद्धा नव्हतं. तो पळून गेला, कुणाला सांगितलंही नाही. सावकार दिवस मावळेपर्यंत जिवंत होते आणि हाका मारत होते. अव्वांना ते सापडले तेव्हा अंग अजून गरम होतं.

“आमच्यात मेलेल्याला बसवून मातीत ठेवत्यात,” ती म्हणाली. “पन त्यास्नी बसवताच आलं न्हाय. गुडगं वाकंनात. तवापासनं ते हितंच बसत्यात.”

अव्वांनी ओढ्यातून काढून मोटार दुरुस्त करून घेतली. माझ्याआधी दोन ड्रायव्हर झाले. त्यांचं काय झालं, मी विचारलं.

“चालत कुनीच गेलं न्हाय. तू आजच जा, बाबा. रांगत जा, पन जा.”

१८ मार्च

सकाळी निघालो. भिंत धरत फाटकापर्यंत गेलो — तिथं पडलो. गडी बघत उभे राहिले. अव्वा ओसरीवर आल्या. ‘बसला की बरं वाटेल त्याला’, एवढंच म्हणाल्या. गड्यांनी मला उचलून मोटारीत आणून ठेवलं.

नको म्हणालो नाही. लिहायला लाज वाटते. मीच हात पुढे केले. दुखणं इतकं होतं की —

बसल्यावर बरं वाटलं.

१९ मार्च

मांड्यांखाली काही कळत नाही. चिमटा काढला, कळला नाही. तरी दुपारी मोटार चालवली. पाय माझेच हलत होते. मी हलवत नव्हतो.

फरशीवर थांबलो तेव्हा हात जोडले. म्हणालो, अव्वा, मी तो नव्हे. मी कुणाला टाकून पळालो नाही. मला घर आहे, बायको आहे.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग कुणी लहान मुलाला समजवावं तसं बोलल्या.

“मला ठाऊक आहे की, तू तो नव्हेस. तो सापडला नाही.”

किल्ली काढून घेतली. उतरल्या. मागचं उजवं दार आज उघडायला लावलं नाही. छत्री उघडून घराकडे चालत निघाल्या. एकदाही वळून पाहिलं नाही.

दिसेनाशा झाल्या आता.

तोच दिवस —

ऊन काचेतून तोंडावर. दाराची कडी हाताला लागते, पण हात — वही धरतो तेवढाच.

गुडघे मागे सरकले. पाठ मोकळी. क्षणभर वाटलं, गेला.

गेला नाही. पुढं येतोय. बैठकीतून. माझ्या पाठीतून वाट काढत — सावकाश — जागा करून घेत —

दुखत नाही. हेच —

कुणी हाका मारतंय. कानडीत. पाणी मागतंय. मला इतकं कानडी येत नाही, तरी सगळं कळतंय. मागं बघायला मान वळत नाही. आणि आवाज मागून नाही —

माझ्याच तोंडा