घर सांभाळून शिकलेल्या ताईला

प्रिय ताई,

घडलं ते आधी क्रमाने लिहिते. तुला मध्येच "अगं, पण त्यांचंही बरोबर आहे" म्हणायची सवय आहे, म्हणून.

१. अंगात ताप असताना तू परीक्षेचं केंद्र होतं त्या नंदुरबारला जाऊन बी. ए.चा पेपर दिलास. दुसऱ्या दिवशी तुला दवाखान्यात दाखल केलं. तिथून तू परत आली नाहीस.

२. तेराव्याला तुझ्या सासरच्यांनी गोडादऱ्यातल्या तुमच्या गल्लीच्या तोंडाशी बॅनर लावला. तुझ्या फोटोखाली लिहिलं होतं: घर, काम आणि शिक्षण सांभाळणारी आदर्श सून.

३. सव्वा महिना झाल्यावर तुझ्या सासूबाई, दाजी आणि आपले मामा आपल्या घरी आले. दाजींसाठी मला मागायला.

४. सासूबाई म्हणाल्या, ही तुझीच शेवटची इच्छा होती.

५. मी रविवारपर्यंतची मुदत मागितली.

या चौथ्या मुद्द्यासाठी हे पत्र आहे. तो खरा की खोटा हे तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही, आणि ज्यांना ठाऊक असल्यासारखं वाटतं त्यांच्यावर माझा विश्वास नाही.

आधी त्या बॅनरबद्दल. दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या, "अभ्यासना नादमा गयी मनी सून." तेराव्याला त्याच अभ्यासाचं कौतुक फोटोखाली छापून आलं. मधल्या काळात असं काय घडलं? काहीच नाही. तू पुन्हा अभ्यासाला बसणार नाहीस, एवढं फक्त नक्की झालं.

आणि 'सांभाळणारी' म्हणजे काय गं? त्या पेपरच्या सकाळी तू गाडी पकडण्याआधी दोन्ही वेळचा स्वयंपाक करून ठेवलास. संध्याकाळच्या पोळ्या फडक्यात गुंडाळून ठेवल्यास, लेकीचा, पिऊचा डबा भरलास, मग औषधाची गोळी घेतलीस. घरात दाजी होते, तुझा दीर होता, सासरे होते. तिघेही धडधाकट. कपडा बाजारात दिवसभर पार्सलं उचलणाऱ्या माणसाला कणकेचा गोळा जड होतो, हे मी तुझ्याच घरात पाहिलं.

तुझ्यावर राग आहे माझा. स्वच्छ सांगते. तू त्यांना कधी जाणवूच दिलं नाहीस की तू शिकतेस. त्यांना वेळेवर जेवण मिळालं, साड्यांना स्टोन चिकटवायचं काम वेळेवर टेम्पोत गेलं, पिऊ वेळेवर शाळेत गेली. तुझं शिक्षण झालं ते या सगळ्यातून उरलेल्या फटीत. मग त्यांना वाटणारच ना, की फटीत मावतं ते!

आठवतं, 'मागणीची लवचिकता' पाठ करता करता तू एका साडीच्या पदराला स्टोनची एक ओळ जास्त लावून बसलीस? मी पुस्तक धरून प्रश्न विचारत होते, तू उत्तरं देत होतीस आणि हात आपला चालूच. माल न्यायला आलेल्या माणसाने पदर उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "बेन, आ तो नवी डिझाइन थई गई!" आपण घाबरलो. पुढच्या खेपेला शेठने अख्ख्या गल्लीला तीच डिझाइन दिली. तुला मजुरी तीच. तू हसून म्हणालीस, "अर्थशास्त्राचा पहिला उपयोग शेठला झाला बघ." मला तेव्हाही हसू आलं नव्हतं.

आता मागणीची बैठक सांगते. तू असतीस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस.

मामांनी चहाचा कप खाली ठेवला. "अशू, तू शिकलेली. तुला काय समजवायचं?"

"मग नका समजवू."

आईने माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. मामा थांबले नाहीत. "शिक्षण सोड असं कुणी म्हणत नाहीये. ताई शिकलीच ना? घर सांभाळून! तुझं तर एकच वर्ष राहिलंय."

"आणि नोकरी?"

"करायची की. सकाळचं सगळं आवरून जायचं. हजीऱ्याच्या कारखान्याची बस काय, गोडादऱ्यातूनही मिळते."

मी काय करते हे मामांना माहीत आहे का? दिवसा कारखान्यातली मोजमापाची यंत्रं तपासते, संध्याकाळी पार्टटाइम डिग्रीच्या वर्गात बसते, रविवारी आठवड्याचा अभ्यास करते. हे जमतं, कारण आई डबा भरते, पप्पा कपडे वाळत घालतात आणि मी माझ्यापुरतं बघते. मी काही सांभाळत वगैरे नाही. या घराला सांभाळावं लागत नाही, इतकंच.

मग सासूबाई बोलल्या. "पोरीले माय जोयजे. मावशी ती मायच ऱ्हास."

"मावशी मी आहेच," मी म्हटलं. "त्यासाठी लग्न करावं लागत नाही."

"दख, कशी बोलस!" त्या आईकडे वळल्या. "मोठी कशी गाय व्हती."

गाय. बॅनरवर तेवढा एक शब्द लिहायचा राहिला.

त्यांच्या डोक्यात सगळं ठरलेलं होतं. वर्षाच्या आत उरकायचं, साधंच करायचं, तुझं कपाट मला द्यायचं. मामांनी तर तुझे राहिलेले पेपरही मीच द्यावेत असं सुचवलं, म्हणजे तुझ्या आत्म्याला शांती मिळेल! परीक्षेला बसणारा माणूस बदलला तर त्याला काय म्हणतात, हे मी त्यांना सांगितलं नाही. पाहुणे होते.

आई रडायला लागली तेव्हा पप्पा म्हणाले, "पोरगी सांगेल तेव्हा सांगेल. घाई कोणाला आहे?" त्यामुळे मला रविवार मिळाला.

दाजींनी सगळा वेळ मोबाइलमध्ये मान घातली होती. निघताना मी त्यांच्याबरोबर खाली उतरले. त्यांच्याबरोबर आलेली पिऊ आधीच गाडीपाशी जाऊन उभी होती, एक वेणी कानाच्या वर आणि दुसरी मानेपाशी.

"दाजी, ताई कितव्या वर्षाला होती?"

"बी. ए.च्या ना? दुसऱ्या."

"शेवटच्या."

"हां, म्हणजे शेवटच्याच."

"विषय कोणता होता?"

"अशू, टेन्शन नको देऊ यार. मोठी माणसं ठरवतील ते."

"ती ठरवतीलच. तुम्हाला काय पाहिजे?"

त्यांनी पिऊकडे पाहिलं. म्हणाले, "हिच्या वेण्या मला जमत नाहीत."

ऐकलंस ताई? वेण्या जमत नाहीत म्हणून माणूस दुसरी बायको आणायला निघालाय! आणि तीही सगळ्यात जवळची, म्हणजे शोधायचे कष्ट नकोत. तुझा नवरा वाईट नाही गं. वाईट असता तर मला हे पत्र लिहावं लागलं नसतं. तो नुसता बसलेला आहे, कोणी तरी ताट वाढेल म्हणून.

मी पिऊच्या वेण्या सोडल्या. मधोमध भांग कसा पाडायचा, केसांचे तीन भाग कसे धरायचे, हे तिथेच, गाडीच्या आरशासमोर दाखवलं. मग परत सोडल्या आणि दाजींना म्हटलं, आता तुम्ही. पिऊ ओरडली, "पप्पा, दुखतंय! मम्मी असं नव्हती ओढत." पहिली सुटली. दुसरी टिकली. वॉचमन हसत होता. दाजींच्या कपाळावर घाम होता, पण त्यांनी दोन्ही वेण्या सारख्या आहेत का ते मागे सरकून पाहिलं. सारख्या होत्या. थोड्या ढिल्या.

एवढंच होतं ते. हे त्यांना तू का नाही शिकवलंस? तुला मागणी-पुरवठा कळला आणि आपण एकटीच पुरवठा करतोय हे कळलं नाही?

आता चौथा मुद्दा.

दवाखान्यातल्या तुझ्या शेवटच्या दुपारी मी तुझ्याजवळ होते. तू शुद्धीत होतीस. पहिलं काय विचारलंस, तर "हुकलेला पेपर परत कधी घेतात गं?" मी म्हटलं, विचारून सांगते. मग म्हणालीस, "तुझं आज प्रॅक्टिकल आहे ना? जा. इथं बसून काय सलाइनचे थेंब मोजणार?" मी गेले. त्यावरून नातेवाईक अजून बोलतात, बहीण तिथं पडलेली आणि ही कॉलेजात. बोलू देत. तू पाठवलंस, मी गेले. मला त्याची लाज नाही.

पण त्याच संध्याकाळी, मी नसताना, तू सासूबाईंचा हात धरून म्हणालीस म्हणे, "माझ्यानंतर अशूला आणा." नेमकं मी नसताना. दाजी तेव्हा औषधं आणायला गेले होते. ऐकणाऱ्या एकट्या सासूबाई.

खोटं असेल? सहज असेल. पण मला जे टोचतं ते वेगळंच आहे. ते खरंही असू शकतं. तू तशीच होतीस. स्वतः मरायला टेकलेली असताना, उद्या पोळ्या कोण करणार, याची सोय लावून जाणारी. सासूबाईंना खोटं बोलायची गरजही पडली नसेल. त्यांनी नुसतं पिऊबद्दल विचारलं असेल, "पोरीनं कसं व्हई?" आणि तू सवयीने उत्तर दिलं असशील.

तसं असेल तर, ताई, तू माझं आयुष्यसुद्धा संध्याकाळच्या पोळ्यांसारखं फडक्यात गुंडाळून ठेवून गेलीस. कुणाला विचारून?

एका रविवारी तू स्टोन लावत होतीस आणि मी तुला कारखान्यातल्या व्हॉल्व्हबद्दल सांगत होते, आठवतं? व्हॉल्व्ह हवेच्या दाबावर चालतो. हवेची नळी तुटली, वरून हुकूम यायचा बंद झाला, तर त्याने काय करायचं हे तो बसवतानाच ठरवलेलं असतं. इंधनाच्या पाइपवरचा असेल तर तो आपोआप बंद होतो. कुणाला विचारत नाही, कुणाची वाट पाहत नाही. तू हातातला स्टोन तसाच धरून म्हणालीस, "हुशार आहे बाई तुमचा व्हॉल्व्ह. आमच्या घरात काहीही बंद पडलं की सगळे मला हाका मारतात."

त्या वाक्यात तुला सगळं कळलेलं होतं. मग मी त्या दुपारच्या तुझ्या पेपरच्या चौकशीवर विश्वास ठेवू, की संध्याकाळच्या, मी न ऐकलेल्या वाक्यावर? एकच माणूस एका दिवसात पुढच्या परीक्षेची तारीखही विचारतो आणि आपली जागाही भरून टाकतो? तू केलं असतंस दोन्ही. दोन्ही सांभाळून!

मी माझ्यापुरतं ठरवलं आहे. तुझ्याकडून 'हो' आलं तर मी पुन्हा विचार करीन. एवढा मान तुला अजून आहे, आणि या सगळ्यांत फक्त तुलाच आहे. काहीच आलं नाही, तर माझं उत्तर 'नाही'. मामा रडवतील, आई जेवणार नाही, सासूबाई गल्लीभर सांगतील की धाकटी दगड निघाली. चालेल. गाय होण्यापेक्षा बरं.

तुला एक वचन देते. पुढच्या रविवारपासून दर रविवारी सकाळी मी गोडादऱ्याला जाईन. पिऊची मावशी म्हणून, आणि मावशी म्हणूनच. तिचं गणित मी घेईन. दाजींना कणीक मळायला शिकवीन, मग भाजी, मग पिऊच्या शाळेच्या मीटिंगमध्ये काय विचारायचं ते. ते नोकरी सांभाळून शिकतील. या वयात जड जाईल, पण तुझ्या घरात मोठ्या वयात शिकायची प्रथा आहे. दुपारी मी माझ्या अभ्यासाला परत येईन आणि शेवटचं वर्ष पूर्ण करीन. माझा बॅनर कुणी लावू नये, एवढं मात्र आधीच सांगून ठेवीन.

आता तुला विचारायचं ते एवढंच. तू असं म्हणाली होतीस का? हो किंवा नाही.

मामा येत्या रविवारी दुपारी येणार आहेत. त्याआधी उत्तर कळव.

तुझी,
अशू