पहिली गोळी कोणाची

काडतूस मेजावर उभं ठेवून व्लास्ता म्हणाली, "लोव्रेन्सकाका, ठरलं. याच काडतुसाची रायफल घेते. शनिवारी दुकानात सांगून येते. बाबांची गोळी लहान पडली, माझी पडायला नको."

तीनशे पंचाहत्तर मॅग्नम. बोटाहून लांब, पितळी, जड. मी म्हणालो, "बघू."

"अस्वलाचा परवाना हातात आहे, आणि बघू काय? आख्ख्या कोचेव्येत बंदुकांचे डॉक्टर तुम्ही!"

हसत, फाटक लावून ती गेली. काडतूस मेजावरच राहिलं.

म्हणून आज मी, लोव्रेन्स झागार, वय एकाहत्तर, धंदा बंदुका दुरुस्त करणे, राहणार तेम्नी लाझ, हे माझ्या हातानं लिहितो आहे. डोकं ठिकाणावर आहे. उजवा खांदा दुखतो, पण तो एकोणीस वर्षं दुखतो. त्याचा बुद्धीशी संबंध नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात व्लास्ताच्या बापाच्या मृत्यूबद्दल एक अक्षरही नव्हतं.

१. घर, परसदार आणि मागची चार सफरचंदाची झाडं बहिणीची मुलगी मारियेता हिला. दर नाताळाला ती गोड रोल पाठवते आणि त्यात अक्रोड कमी घालते. तरी घर तिलाच.

२. मधमाश्यांच्या अकरा पेट्या आमच्या पाद्रीबाबांना. ते माश्यांना घाबरतात, हे मला माहीत आहे. दर ईस्टरला कबुलीजबाब ऐकून ते विचारत, "आणखी काही, लोव्रेन्स?" मी नाही म्हणायचो. ते थोडा वेळ थांबायचे. त्या थांबण्याबद्दल या पेट्या.

३. बँकेतल्या पैशांतून माझं दफन करावं, उरतील ते मारियेताचे. शवपेटीवर डहाळी ठेवू नये.

४. माझी मॅग्नम रायफल, याच काडतुसाची, भावानं जर्मनीहून आणली होती. ती कोणालाही देऊ नये. माझ्याच लोखंडी शिकंज्यात धरून, माझ्याच करवतीनं नळीचे तीन तुकडे करावेत. पहिल्याच चाचणीत तिच्या धक्क्यानं दुर्बीण मागे आली आणि माझी भुवई फुटली. दाराला आपटलो, असं मी सगळ्यांना सांगितलं. त्यानंतर तिचा घोडा दाबताना माझे डोळे मिटायचे. बंदुकीच्या कारागिरानं हे कोणाला सांगायचं?

माझा मित्र सिरिल, व्लास्ताचा बाप, याच्याकडे सात मिलिमीटरची जुनी रायफल होती. माझी बघून तो म्हणाला, "अरे, अस्वल मारायचंय की रेल्वेचं इंजिन?" मी म्हणालो, "तुझ्या पेन्सिलीनं त्याला गुदगुल्या होतील." त्या ऑक्टोबरात आम्ही दोघंच वर गेलो. ऐंशी पावलांवर अस्वल आमच्याकडे कूस करून उभं राहिलं. मी घोडा दाबला. डोळे मिटलेले होते.

"लागली," सिरिल म्हणाला, "पण मागे, कमरेत."

आमच्याकडे जखमी केलं त्यानं मागावर जायचं असतं. सिरिलनं माझ्या हातांकडे पाहिलं. "तू थांब, बाबा. ही तोफ घेऊन झुडपात कुठे वळणार? मी बघून येतो."

मी थांबलो. झुडपात एकच गोळी वाजली. गेलो तेव्हा अस्वल मान मोडून मेलेलं होतं, सातच्या त्या गोळीनं. सिरिल त्याच्या खाली होता.

५. येर्ने तेव्हाही आमच्या शिकार मंडळाचा प्रमुख होता, आजही आहे. त्याला मी काही ठेवत नाही, फक्त एक काम ठेवतो. त्या दिवशी वर येऊन त्यानं विचारलं, "पहिली गोळी कोणाची?" आमचा रिवाज असा: पहिली गोळी ज्याची, त्याचं जनावर, त्याच्या टोपीला फर झाडाची डहाळी. मी म्हणालो, "सिरिलची. दोन्ही त्याच्याच." येर्नेनं डहाळी मोडली, अर्धी शेवटचा घास म्हणून अस्वलाच्या तोंडात दिली, अर्धी सिरिलच्या टोपीत खोचली, आणि दफनाच्या दिवशी ती टोपी शवपेटीवर ठेवली. सगळ्यांनी मान दिला, आणि परत येताना एकमेकांना म्हणाले, नेम चुकला बिचाऱ्याचा, लहान गोळी. त्या मानासकट दोष त्याच्याबरोबर पुरला गेला. येर्नेनं मंडळाच्या वहीत ती ओळ खोडून माझं नाव लिहावं आणि बैठकीत मोठ्यानं वाचावं.

घरात फरचं लाकूड मी जाळत नाही. तरी पहाटे तो वास येतो. उजवा खांदा तेव्हा दुखतो, आणि कोणीतरी म्हणतं, तू थांब. मी थांबलेलाच असतो.

६. सिरिलची रायफल व्लास्ताला. पाव्लानं, त्याच्या बायकोनं, ती नजरेआड व्हावी म्हणून माझ्याकडे दिली होती. दर महिन्याला तेल दिलं आहे. व्लास्ता, गोळी केवढी हे नंतर बघ. जी झाडताना तुझे डोळे उघडे राहतील, ती घे. तुझ्या बापाचे उघडे होते.

७. कपाटातली काडेपेटी पाव्लाला. अस्वल मीच सोललं. कमरेच्या हाडातली गोळी खिशात टाकली, ती या पेटीत आहे. आदळल्यावर गोळीचं तोंड फुलतं, बूड फुलत नाही. ते सातच्या रिकाम्या काडतुसात घालून बघावं. जाणार नाही, कारण ती माझ्या मॅग्नमची आहे.

सही: लोव्रेन्स झागार
साक्षीदार: आंगेला मोहार, टपाल कचेरी, स्तान्को ओराझेम, शिक्षक. दोघांनी मला सही करताना पाहिलं, मजकूर वाचला नाही.
तेम्नी लाझ, गुरुवार, २२ सप्टेंबर २००५

पुरवणी, शुक्रवार. मृत्युपत्र मेल्यावर उघडतात आणि शनिवार उद्याच आहे. म्हणून सकाळी सहावं आणि सातवं कलम मीच पार पाडलं. पाव्लाच्या स्वयंपाकघरात सगळं सांगितलं. व्लास्तानं गोळीचं बूड सातच्या रिकाम्या काडतुसात घालून पाहिलं. गेलं नाही. बापाची रायफल उचलून ती आत गेली. पाव्ला उठली. सिरिलच्या फोटोमागे जपलेली, त्याच्या टोपीतली वाळलेली डहाळी काढून तिनं माझ्यासमोर ठेवली.

"ही तुझी," ती म्हणाली. "घेऊन जा."

मी घेऊन आलो.