जुन्या घराचा अडसर

१२ ऑक्टोबर १९२६
पोचलो एकदाचे! हारासिम स्टेशनवर घोडागाडी घेऊन आला होता. केसांना इतकं लोणी चोपडलं होतं की माझ्या लेकीने, ओरिस्याने, त्याचं डोकं हुंगून पाहिलं. चार पत्रांत ठरलेला आणि येताना वाटेतल्या चर्चमध्ये गळ्यात पडलेला नवरा, अजून त्याच्याकडे सरळ बघायची लाज वाटते. पण माझ्या सात वर्षांच्या पोरीला त्याने आपल्या मेंढीच्या कातड्याच्या कोटात गुंडाळून घेतलं, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. ओरिस्याचा बाप खाणीत दबून गेल्यापासून दोन वर्षं आम्ही मायलेकी कोळशाच्या गावात लोकांचे कपडे धूत होतो. इथे सस्कॅचवानच्या माळरानावर वाळत घातलेले कपडे पांढरेच राहतील. जिकडे बघावं तिकडे गवत आणि आभाळ.
सासूबाई टेकला आमच्या मुलखाच्या रीतीप्रमाणे पाव आणि मीठ घेऊन दारात उभ्या होत्या. मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाल्या, "हाडं बरी आहेत. मांस आम्ही चढवू." मला त्या आवडल्या.

१८ ऑक्टोबर
घर फळ्यांचं, नवं, दोन खोल्यांचं. मोठ्या मातीच्या चुलीच्या उबदार पाठीवर ओरिस्याची झोपायची जागा. अंगणापलीकडे चाळीस पावलांवर जुनं घर आहे, आता हयात नसलेल्या सासऱ्यांनी या देशात आल्यावर ओंडके आणि माती लिंपून बांधलेलं. दहा वर्षांपासून त्याचं कोठार झालंय. खिडक्यांवर फळ्या ठोकल्यात, आत छातीएवढा गहू. दाराला बाहेरून मनगटाएवढा जाड अडसर. मी हारासिमला म्हटलं, तुमचा गहू रात्रीचा पळून जातो की काय? तो हसला नाही. माझ्या विनोदांना हसायला याला शिकवावं लागेल.

९ नोव्हेंबर
जमीन गोठली. हारासिमने पहार मारून दाखवली, ठिणगी उडाली. आता एप्रिलपर्यंत ना नांगर ना कुदळ.
दुपारी बीटाचं सार पितो आहोत, तर जुन्या घराकडून ठोकल्याचा आवाज. आठ-दहा ठोके, मग शांत. सासूबाई पाव कापत राहिल्या. हारासिम म्हणाला, थंडीने लाकूड आकसतं. मला कुठलं राहवतंय, गेले बघायला. अडसर जागच्या जागी. दारावर तळवा टेकला आणि आतून ठोका आला, माझ्या गुडघ्याच्या उंचीवर. चांगलीच तंतरली माझी. परत येऊन सार गिळलं, पण चव काही कळली नाही.

१४ नोव्हेंबर
शेजारीण हाफिया मैलभर चालत लोकर पिंजायला आली होती. सासूबाई गोठ्यात गेल्याबरोबर तिच्या तोंडाचं कुलूप उघडलं.
"तुला कुणी सांगितलं नाही? अगं, हारासिमला बहीण होती, मेलांका. नऊ वर्षांची. अठरा सालच्या तापाच्या साथीत गेली."
इथे हिवाळ्यात गेलेल्याला पुरता येत नाही. डोक्याला-चेहऱ्याला पांढरा भरतकामाचा कपडा गुंडाळून गव्हात ठेवतात आणि जमीन विरघळली की पुरतात. त्याला इथे कुणी वावगं मानत नाही. मेलांकालाही तसंच, त्याच कोठारात ठेवलं. दुसऱ्या दिवशी ठोके सुरू झाले. टेकलाबाई म्हणाल्या, मेलेलं माणूस सोबत मागतंय, दार उघडणाराला घेऊन जाईल. नवऱ्याला आणि हारासिमला त्यांनी धरून ठेवलं. तीन दिवस. मग आवाज थांबला.
"एप्रिलात दार उघडलं तर पोर दाराला टेकून बसलेली. नखं नव्हती गं बोटांना."
मी पिंजलेली लोकर तशीच हातात धरून बसले. तेव्हापासून दर हिवाळ्यात ठोके येतात आणि दर हिवाळ्यात या घरात कुणी मान वर करत नाही. सासूबाईंची कीव करू की त्यांच्यावर संतापू, मला कळत नाही.

३ डिसेंबर
ओरिस्या जुन्या घराच्या दाराशी बर्फात बसून गप्पा मारत होती. आत कोण आहे म्हटलं तर म्हणे, एक मुलगी, तिला तिची आई हवीय. तिच्या मुठीत गहू होता. अडसर पक्का, फटीतून बोटही जात नाही. मी तिला ओढत घरी आणली आणि आयुष्यात पहिल्यांदा मारली. मारल्यावर मीच रडले.
सासूबाईंनी सगळं ऐकलं. म्हणाल्या, "काय म्हणाली ती? पुन्हा सांग. आई हवीय म्हणाली?"

७ जानेवारी १९२७
काल आमच्या जुन्या पंचांगाप्रमाणे नाताळची संध्याकाळ. मेलेल्यांसाठी एक वाडगा जास्त मांडला. बसण्याआधी बाकावर फुंकर मारायची, कुणी आधीच बसलं असेल तर चिरडू नये म्हणून. सगळ्यांनी फुंकर मारली. ओरिस्या मात्र वाडग्यासमोरच्या जागेकडे बघून जरा सरकली आणि म्हणाली, "हिला थंडी वाजते, आई." सासूबाईंनी आपली शाल काढून त्या रिकाम्या जागेवर पांघरली.

१० जानेवारी
ओरिस्याचा घसा सुजलाय. अंग तव्यासारखं तापलंय. माझाही घसा दुखतो. बाहेर हिमवादळ, गोठा दिसत नाही. डॉक्टर चाळीस मैलांवर. हारासिम म्हणतो, वादळ जरा थांबलं की निघतो.
हिला काही झालं तर मी कुणासाठी आले इथे?

११ जानेवारी
पाणीही गिळत नाही. मला उठवत नाही. दोघी एकाच गोधडीत. तिचा हात माझ्या —

तारीख माहीत नाही
जाग आली तेव्हा शेजारी कुणी नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, काल सकाळीच गेली. श्वास नव्हता, आरशावर वाफ धरली नाही. हारासिमने स्वतः कपडा गुंडाळून गव्हात ठेवली, रडत ठेवली, अडसर लावला आणि वादळ जरा ओसरताच माझ्यासाठी डॉक्टर आणायला बर्फावरची स्लेज घेऊन गेला.
मी ओरडले. मला न दाखवता? मला न विचारता?
त्या जपमाळ ओढत राहिल्या.

दुपार
ठोके.
सासूबाई म्हणतात, ती मेलांका आहे, दर हिवाळ्यात असतेच की. मी कान दिला. एक आवाज खालून. एक त्याच्या जरा बाजूने. दोघी आहेत. देवा, दोघी ठोकतायत.
उठले की पडते. सासूबाईंचे पाय धरले. म्हटलं, आई, एकदा ऐकून बसून राहिलात, पुन्हा बसणार? माझी पोर जिवंत आहे आत.
 त्यांनी खुंटीवरची कुऱ्हाड काढून माझ्या हातात दिली. "मी नाही उघडलं. तू उघड. मी येते तुझ्याबरोबर."

आणली. आणली माझी पोर! सासूबाईंच्या आधाराने गेले, बर्फाने जाम झालेला अडसर कुऱ्हाडीच्या तुंब्याने पाडला. आत काळोख, बाहेर पांढरं, डोळ्यांना काहीच दिसेना. हात पुढे केला, तर एका लहान हाताने घट्ट धरला. तशीच कडेवर घेतली. डोक्याचा कपडा नंतर सोडू म्हटलं, वारा फार होता. सासूबाई मागून आल्या. दार लावून, अडसर घालून आल्या, नाहीतर बर्फ आत जाईल म्हणाल्या.
आता चुलीजवळ बसलीय. सासूबाई तिला दूध पाजतायत. कपड्याच्या आतूनच पितेय. 

ठोके थांबले नाहीत.
एकच आवाज आहे आता.

सासूबाई तिला मांडीवर घेऊन डोलतायत. मेलांका म्हणतायत तिला. मी म्हटलं, आई, कपडा काढा. त्या ऐकत नाहीत. कपड्याखालून आवाज आला, "उघडू नका. मेलेलं माणूस आहे ते. सोबत मागतंय."
माझ्या पोरीचा आवाज नाही.
तिची बोटं पाहिली. नखं —

कुऱ्हाड आता सासूबाईंकडे आहे. दाराला पाठ लावून उभ्या. म्हणतात, "आठ वर्षांनी आलीय माझी. पुन्हा दार उघडायचं नाही, पोरी." रडतायत आणि हसतायत. मी हाता-पाया पडले. मी ढकललं, पण अंगात त्राण नाही.
ती चुलीजवळून, कपड्याआडून माझ्याकडे बघतेय.

खिडकी फोडणार आहे. चाळीस पावलं. सरपटत जाईन. वही खिडकीतून आधी बाहेर टाकते. हारासिम, मी पोचले नाही तर तुला हिच्यातच कळेल.
घरात येऊ नकोस. आईने कितीही हाका मारल्या तरी. आधी कोठार उघड. आवाज हळू झालाय, पण आहे. ऐकतेय मी. लाकूड नाही ते, हारासिम, माझी ओरिस्या आहे, ती अजून ठो —