माझ्या पराभवाची चौकशी

३ मार्च, मंगळवार

उमेदवारी धाकटीला! माझ्या सख्ख्या जावेला! घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांना गुडघ्यांचे व्यायाम शिकवणारी ही बाई आता निवडणूक लढवणार!

दोनदा मी लढले. जिथे मुलगी दिवेलागणीनंतर रस्त्यावर दिसली तर लोक बापाला गाठतात, तिथे मी मुलींच्या हक्कांवर भाषणं ठोकली. दोन्हीदा आपटले. आता पक्षाचे अध्यक्ष म्हणतात, "वकीलबाई, तुमचा अनुभव तर आम्हाला हवाच आहे." म्हणजे प्रचाराला राबा.

आमचे हे म्हणाले, "घरातच राहिली ना उमेदवारी!" अंगाची नुसती लाही लाही झाली.

५ मार्च, गुरुवार

पोस्टरवरचा तिचा फोटो छान आलाय. जळला मेला तो फोटो!

९ मार्च, सोमवार

आज कोर्टाच्या पायऱ्यांवर एक जुना पक्षकार भेटला. "तुमच्या जाऊबाई येऊन गेल्या. मत मागितलंच नाही हो! विचारत होत्या, मागच्या वेळी वकीलबाईंना मत का नाही दिलंत?"

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

तो मनगटावरचं घड्याळ बघायला लागला. मनगटावर घड्याळ नव्हतं!

घरी येऊन तिला फैलावर घेतलं. गावभर माझी अब्रू काढत फिरतेस? ती शांतपणे भाजी निवडत होती. "ताई, तुम्हाला ज्यांनी दिली ती मतं आपलीच आहेत. ज्यांनी नाही दिली, त्यांच्याच दारात जायला हवं ना?"

मी तिच्यासमोर बसून भाजी निवडायला लागले. वकील असून!

१४ मार्च, शनिवार

अध्यक्षांचा हुकूम — आज तिच्याबरोबर फिरा. गेले. निवृत्त हेडमास्तरांकडे. सगळ्या कर्मठ मंडळींचा म्होरक्या. हे ज्याला हो म्हणतील त्याला अर्धी वस्ती हो म्हणते.

धाकटीने तोच प्रश्न विचारला. मी समोर बसलेली असताना! मास्तरांनाही माझी भीड वाटली नाही. "बाई खोटं बोलत नव्हत्या. पण भर सभेत माझ्या बायकोचं उदाहरण देऊन तिला 'बिचारी' म्हणाल्या. ती आठवडाभर घराबाहेर पडली नव्हती." आतून भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

मग धाकटीने त्यांच्या नातीची चौकशी केली. नात दवाखान्यात कामाला. काम सुटतं तेव्हा शेवटची बस गेलेली असते, म्हणून मास्तर स्वतः काठी टेकत तिला आणायला जातात.

"मग संध्याकाळची बस हवी की नको, सर?"

"हवीच! पण ते हक्कबिक्क आम्हाला शिकवू नका."

अहो, ती माझी बस! माझ्या जाहीरनाम्यात होती! तेव्हा हेच मास्तर म्हणाले होते, पोरींना उंडारायला बस कशाला!

मग मास्तरांनी डोळे बारीक केले. "मुलींना घरादारात वाटा द्यायचा, हे तुमचंही मत आहे का?" मी कान टवकारले. आता ही शेपूट घालणार! पण ती म्हणाली, "हो सर. माझंही तेच मत आहे." मास्तरांचा चेहरा पडला. आता हे दार बंद, या विचाराने मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं! इथे तरी खरं लिहावं.

मास्तरांनी कोपऱ्यातली काठी उचलली. मग म्हणाले, "त्या बाबतीत आपलं जमायचं नाही. बसचं मात्र बघा." आणि फाटकापर्यंत सोडायला आले. तिला.

२२ मार्च, रविवार

सासूबाई धाकटीच्या प्रचाराला निघाल्या! मी उभी होते तेव्हा दोन्ही वेळा त्यांची कंबर धरली होती. "आता तिच्या व्यायामाने सुटली हो," म्हणे.

२८ मार्च, शनिवार

समोरचे उमेदवार कंत्राटदार. त्यांचा माणूस आज वकिलांच्या खोलीत येऊन बसला. "पक्षाने अन्याय केला, एवढंच पत्रक तुमच्या सहीने काढा. बाकी आम्ही बघतो." घरातलीच बाई विरोधात गेली म्हटल्यावर धाकटीचं काही खरं नव्हतं.

मी नाही म्हणाले नाही. विचार करते म्हणाले. दुपारभर मनात वाक्यं जुळवत होते. फार छान जुळत होती.

संध्याकाळी धाकटी माझ्या खोलीच्या दारात उभी. पायात अजून चपला तशाच. "ताई, तुम्ही मला मत देणार नाही ना? का?"

मास्तरांना विचारलं त्याच आवाजात! मीही तिच्या मतदारांपैकीच एक!

माझ्या तोंडून निघून गेलं, "कारण तू निवडून येशील."

ती हसली नाही. समजूतही घातली नाही. उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "आणखी?"

मग मी बोलत सुटले. कायकाय बोलले देव जाणे. गॅसवर दूध उतू गेलं, तरी दोघींपैकी कुणी उठलं नाही. शेवटी सासूबाईच ओरडल्या.

३० मार्च, सोमवार

कंत्राटदारांच्या माणसाला नाही म्हणून सांगितलं. जीव तुटत होता सांगताना.

२ एप्रिल, गुरुवार

दिलं तिला मत. दात-ओठ खात दिलं, पण दिलं.

५ एप्रिल, रविवार

निवडून आली. थोडक्यात, पण आली! मास्तरांच्या वस्तीतूनही मतं पडली. माणसं पांगल्यावर आम्ही दोघी कप विसळत होतो. मी सहज विचारलं, "तो तुझा प्रश्न पहिल्यांदा कुठल्या घरात विचारलास गं?"

"आपल्याच घरात. स्वतःला." तिने नळ बंद केला. "मी तुम्हाला दोन्ही वेळा मत नव्हतं दिलं, ताई. तुम्ही सगळ्या गावाकडे मागितलंत. मला नुसतं म्हणालात, सभेच्या खुर्च्या नीट मोजून घे."