एकाच ताऱ्याची दोन उत्तरं

माघ, शके १७८६

तेल्हारा मुक्कामी सौभाग्यवती दुर्गाबाईस, मुंबईहून नत्थुजीचा मायेचा आशीर्वाद.

आपला पोरगा पंजाब सुखरूप आहे. जरा वाळला आहे, पण दोन भाकरी खातो. तुझा गुडघा कसा आहे? गाय व्याली का?

कापसाला सोन्याचा भाव आणि पोरगा परमुलखात तारे मोजतो, म्हणून तू मला त्याला आणायला धाडलंस. इथल्या सरकारी वेधशाळेत एकजण दुर्बिणीतून तारा पाहतो, दुसरा घड्याळाचे ठोके मोजतो. मग पंजाब आणि एक पारशी कारकून वेगवेगळ्या खोल्यांत बसून त्याच ताऱ्याचं गणित करतात. दोघांची उत्तरं जुळली तरच वहीत चढतात. लहानपणी मी पंतोजींच्या शाळेत आर्येत घोकलेली रोहिणी त्या वहीत भेटली, आणि मन भरून आलं.

"घरी चाल," म्हटलं, तर म्हणतो, "बाबा, मी गेलो तं त्या पारशाची चूक कोण पकडीन?"

त्यानं राहावं की यावं, याचं माझं उत्तर सोबतच्या चिठ्ठीत बंद आहे. तुझं उत्तर आधी हे पत्र वाचून दाखवणाऱ्या खुशालरावाला सांग, मगच ती फोडू दे. पंजाबला परतीच्या वाटेसाठी तू दिलेली घोंगडी मी इथंच ठेवून येणार आहे, पण त्यावरून काही ताडू नकोस.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
नत्थुजी