तान्ह्या पोळ्यावरची फुलं

२४ ऑगस्ट, रविवार
सगळं बदललं ते परवा, पोळ्याच्या संध्याकाळी. बैल तोरणाखालून नुकते सुटले होते. देविदासकाकांनी मला थांबवलं. सोनालीचे वडील. (इथं तिला सो. लिहितो. आईच्या हाती वही लागली तर.) म्हणाले, उद्या सकाळी ड्रोन घेऊन येजो बापू, पराटीत अळी लय झाली. कपाशीच्या फवारणीसाठी शेतकरी गटाच्या ड्रोनचा नंबर त्यांचाच होता. मी म्हटलं, "बॅटरी गेली काका. सोमवारी पाहू."

बॅटरी चांगली होती. दोन्ही सेट फुल.

मला त्या दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्यासाठी ठेवायच्या होत्या. पोरं लाकडी बैल घेऊन निघतात, त्यांच्यावर आभाळातून फुलं. मिरवणुकीत सो. पुढं राहणार, वर पाहणार, मी उडवतो आहे हे पाहणार. कारण एवढंच. दुसरं शोधलं, सापडत नाही.

काल ड्रोनचा खत टाकायचा डबा तीनदा धुतला, झेंडूच्या पाकळ्या भरल्या. उडवला. सगळा गाव वर पाहतो आहे, मोबाईल काढून. सो. सोडून. तिनं पंधरा दिवस पोरांना पोळ्याला म्हणायच्या झडत्या शिकवल्या होत्या, स्वतः रचलेल्या दोन-दोन ओळी. पोरांची तोंडं हलत होती, पंख्यांच्या आवाजात ऐकू काहीच येत नव्हतं. ती सरळ माझ्याकडे आली. म्हणाली, "खाली घे ते. पोरायच्या झडत्या गेल्या. फुलं टाकायले आमचे हात नव्हते का?"

मी हसलो. अजून एक चक्कर मारली.

मग तिचा चुलतभाऊ गाडीवर आला. काका वावरात पडले होते. फवारणीचा पंप पाठीवरच.

२६ ऑगस्ट, मंगळवार
काका वर्ध्याला, दवाखान्यात. घाम, उलट्या, छातीत घरघर. आता श्वास ठीक आहे म्हणे, डोळ्यांचं सांगता येत नाही. पराटी खांद्याएवढी, वारा तोंडावर, रुमाल बांधून फवारत होते. सोमवारपर्यंत अळीनं बोंडं ठेवली नसती, म्हणून.

मी गेलो नाही. आईनं दोनदा विचारलं, काऊन जाऊन नाई राह्यला? तिच्यावरच ओरडलो.

कॉलेज आठवतं आहे. सेकंड इयर. मासिकाला कविता दिली होती, सो.वर. सर म्हणाले, ही मोबाईलमधल्या एआयनं लिहिलेली दिसते. वर्गातच भडकलो. यंत्राले गटारात घाला, जहरात घाला, कवितेत काऊन घालता? वही फेकली, निघालो, परत गेलोच नाही. ड्रोनचं ट्रेनिंग केलं. ग्रामसभेत उभं राहून म्हटलं, गावातल्या प्रत्येक पाठीवरचा पंप उतरवीन. सो. मागं बायकांत बसली होती. तिनं टाळी वाजवली होती.

आणि यंत्र हातात आल्यावर मी काय केलं. यंत्राला फुलं, काकांना जहर.

२८ ऑगस्ट, गुरुवार
गेलो. वॉर्डात तिसरी खाट. काका उशीला टेकून बसलेले. मला आवाजावरून ओळखलं. त्यांना चेहरे धूसर दिसतात अजून.

"ये बापू. गावात तुहा लय गाजावाजा झाला म्हणतात."

मी खाली पाहिलं. ते मजेत होते. म्हणाले, तू फुलं टाकणार हे त्या सकाळी समजलं, तवाच पोरीनं तुह्यासाठी एक झडती रचली होती, घरी मलेच आधी म्हणून दाखवली, ऐकली का तू? नाही म्हटलं. त्यांनी म्हटली, वॉर्डातच, हात वर करून:

आभाळात उडे मशीन, गाव पाहे वर
बाप माहा वावरात, पंप पाठीवर

शेजारच्या खाटेवरचा म्हातारा, झडतीच्या शेवटी म्हणतात तसं, हर हर महादेव म्हणाला. काका हसले, हसता हसता खोकले. मग विचारलं, "बॅटरी सुधरली का रे?"

सो. डबा भरत होती. हात थांबला.

"हो काका. मग... सुधरली."

तिनं झाकण लावलं. माझ्याकडे पाहिलंच नाही. खाली गेटपर्यंत आली नाही. एसटीत उभ्यानं आलो, बसायला जागा असून.

१ सप्टेंबर, सोमवार
गटाचे अध्यक्ष प्रकाशभाऊ खूश. फुलांचा व्हिडिओ फिरतो आहे. हिंगणघाटहून फोन: साखरपुडा, वाढदिवस, दुकानाचं उद्घाटन. भाऊ म्हणाले, फवारणी काय, लोकं हातानं करतेतच, मोकळ्या दिवशी घेऊ. पाठीवर थाप मारली.

मला त्यांचा राग आला. रस्ताभर मनात शिव्या दिल्या. घरी आल्यावर कळलं, भाऊ माझंच वाक्य बोलले. मी पोळ्याला काकांना सांगितलं ते हेच, फक्त खोटं बोलून.

सो.ला मेसेज लिहिला, खोडला. चार वेळा. माफी मागताना पण मी तिला आवडावा असंच लिहितो आहे. शी.

४ सप्टेंबर, गुरुवार
काका घरी आले. ओसरीवर बसून असतात. डोळे अर्धेच. कोणाला दोष देत नाहीत. वारा फिरला म्हणतात.

सहाला गटाची मीटिंग, समाजमंदिरात. विषय: ड्रोनचं बुकिंग. काका सभासद आहेत, सो. त्यांना हाताला धरून आणणार. तिनं तिथं बोलून टाकावं असं दुपारभर वाटत होतं, म्हणजे मला बोलावं लागणार नाही. ती बोलणार नाही. ती माझी वाट पाहणार, एवढं ओळखतो तिला.

सगळ्यांसमोर सांगायचं. बॅटरी चांगली होती. आधी पराट्या, मग उरलं तर साखरपुडे. ड्रोन काढून घेतील. घेऊ देत. काका काय म्हणतील... सो. तर

पावणेसहा. आई विचारते आहे, चहा घेऊन जातो का. नको म्हटलं.

वही इथंच ठेवतो. दार ओढून घेतो. निघालो.